आज्ञावलीतील अदृश्य धागे

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाने प्रथमच उड्डाण केले आणि सुमारे ४० सेकंदांत तो आकाशातच विदीर्ण झाला. एरियान-४ साठी लिहिलेली आज्ञावली त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत तशीच ठेवली होती. नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग आरंभीच मोठा असल्यामुळे त्याच्याशी निगडित असलेली एक संख्या ३२,७६७ ही कमाल मर्यादा असलेल्या १६ बिटांच्या जागेत मावेना. राखीव व मुख्य असे दोन्ही संगणक एकाच कारणाने निकामी झाले. विस्मयाची गोष्ट ही की, ज्या गणिताने हा घात केला त्याचे उड्डाणानंतर एरियान-५ ला काही प्रयोजनच नव्हते!

अशा ७ संख्यांपैकी ४ संख्यांना संरक्षण होते, ३ संख्यांना नव्हते. संगणकावरील भार ८० टक्क्यांपलीकडे जाऊ नये हा त्यामागील हेतू. या निर्णयाचे समर्थन आज्ञावलीच्या मजकुरात कोठेही नमूद नव्हते, असे चौकशी मंडळास आढळले. आज्ञावली जुन्या अग्निबाणाच्या मार्गावर विसंबून होती; तिच्या ओळी वाचून मात्र हे कोणास कळले नसते.

सॉफ्टवेअरची देखभाल दुष्कर होते ती अशा अवलंबित्वामुळे. एक भाग दुसऱ्यास उघडपणे पाचारण करतो, तो धागा मोजणे सोपे. स्टीव्हन्स, मायर्स व कॉन्स्टंटाइन यांनी १९७४ मध्येच अशा सांधणीची चर्चा केली होती. गुप्त धाग्यांसाठी १९९८ मध्ये गॉल, हायेक व जझायेरी यांनी निराळा मार्ग दाखविला : बदलांचा इतिहास तपासावा. समजा, एक भाग २० वेळा बदलला आणि त्यांतील १८ वेळा दूरचा दुसरा भागही बदलावा लागला, तर मजकुरात संबंध दिसो वा न दिसो, तो बहुधा आहेच. (असंबद्ध बदल एकाच वेळी नोंदविण्याची लेखकाची सवय असेल, तर हा आकडा फसवितो.)

म्हणूनच देखभालीचे काम दुसऱ्याकडे सोपविताना केवळ अखेरची प्रत देणे आणि बदलांची नोंद मागे ठेवणे सर्वथा गैर होय. नवागताने मग कोणता धागा ओढला असता काय उसवेल, हे कशावरून ताडावे?

एरियानच्या बाबतीत मात्र हे मापही मूक राहिले असते. तेथे आज्ञावली बदललीच नव्हती. बदलला होता अग्निबाण. नव्या मार्गाचे आकडे घालून त्या यंत्रणेची चाचणी घेतली असती तर दोष जमिनीवरच उघड झाला असता, आणि ती चाचणी घेतली गेली नव्हती.