धुकें आणि फांसा

खेळाचे नियम हा प्रौढांनीं विचार करण्याजोगा विषय नव्हे, असें मानण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु मुलें उपदेशांतून जितकें शिकतात त्याहून कितीतरी अधिक खेळांतून शिकतात. आणि ज्या खेळांत कल्पनेनें युद्ध करावयाचें असतें, त्यांत आंधळेपणाची किंमत काय ठरविली आहे हें पाहणें अगदींच निरर्थक नाहीं. प्रस्तुत लेखाचा रोंख 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाकडे आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन भोंवतालची सृष्टि उभी करतो. आणि तरवारीचा वार लागला कीं चुकला, याचा निकाल वीस पैलूंचा फांसा देतो.

या खेळांतील नवशिका मांत्रिकहि वीस फूट त्रिज्येचें धुकें निर्माण करूं शकतो. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीप्रमाणें अशा धुक्यांत पाहूं जाणारा आंधळ्यासारखाच समजावयाचा. ज्याला शत्रु दिसत नाहीं त्यानें दोन फांसे टाकून लहान आंकडा घ्यावयाचा. उलट, जो स्वतः शत्रूला दिसत नाहीं त्यानें मोठा आंकडा घ्यावयाचा. येथवर ठीक आहे. पण दोघेहि धुक्यांत सांपडले म्हणजे काय? तोटा आणि लाभ यांची वजाबाकी होऊन बाकी शून्य उरते, व दोघे आंधळे भर दुपारच्या उन्हांत लढावें तसे एकेक फांसा टाकून लढतात! खरें नवल तर पुढेंच आहे. लांब पल्ल्यावरून बाण सोडणाऱ्याला एरवीं अंतराचा तोटा सोसावा लागतो. परंतु एक लाभ हा कितीहि तोट्यांना रद्द करतो, असा नियम असल्यामुळें दोघांमध्यें धुकें पसरलें कीं तो तोटाहि नाहींसा होतो. म्हणजे डोळे झांकल्यानें नेम सुधारला! २०२४ च्या सुधारित आवृत्तीनेंहि हें गणित मोडलेलें नाहीं.

या नियमाचे कैवारी म्हणतात कीं, दोघेहि सारखेच आंधळे असतां अन्याय कोणावर झाला? दोन लंगडे शर्यतींत एकमेकांच्या बरोबरीचे असतील. पण म्हणून ते धडधाकट माणसांइतके जलद धांवत नाहींत, एवढेंच याला उत्तर आहे. त्यांचा दुसरा मुद्दा असा कीं, खेळ अडखळतां कामा नये. हा मुद्दा वजनदार आहे. तिसऱ्या आवृत्तीनें अर्धवट दिसणाऱ्यावरील नेमका वारहि शंभरांत वीस वेळां व मुळींच न दिसणाऱ्यावरील वार पन्नास वेळां फुकट जाईल असें ठरविलें होतें. त्यांत न्याय अधिक होता, पण प्रत्येक वारामागें आणखी एक फांसा टाकावा लागे.

तथापि दोन्ही आवृत्तींचा खरा दोष याहून खोल आहे. धुक्याचा घात वार चुकण्यांत क्वचित् असतो. तो वार भलत्यालाच लागण्यांत असतो. १४ एप्रिल १४७१ रोजीं इंग्लंडांत बार्नेट येथें दाट धुक्यांत लढाई झाली. ऑक्सफर्डच्या उमरावाचे लोक समोरची फळी मोडून परत येत होते. त्यांच्या निशाणीवरील तारा हा शत्रूचा, म्हणजे राजा एडवर्डचा, सूर्यच होय असें समजून त्यांच्याच पक्षाच्या सैन्यानें त्यांच्यावर बाण सोडले, असें तत्कालीन बखरकार सांगतो. 'दगा! दगा!' अशी ओरड झाली, तो पक्ष मोडला आणि त्याचा नायक वॉरिक मारला गेला. आपल्या द्रोणपर्वांतील रात्रियुद्ध ज्यांनीं वाचलें आहे त्यांना आपपर न ओळखतां होणाऱ्या संहाराची कल्पना निराळी द्यावयास नको.

ही गोष्ट या खेळाच्या पूर्वजांना ठाऊक होती. १८२४ सालीं राइसविट्झ नांवाच्या प्रशियन अधिकाऱ्यानें जो युद्धखेळ पुढें आणला, त्यांत मध्यस्थ पंच प्रत्येक पक्षाला त्याच्या सैन्यास दिसेल तेवढेंच दाखवी. बाकीच्या सोंगट्या नकाशावर मांडीतच नसे. आजचा सूत्रधार त्या पंचाचाच वारस आहे. पण धुकें पसरल्यावरहि तो शत्रूच्या सोंगट्या मेजावर उघड्या ठेवतो, आणि मग खेळाडूनें आंधळ्याचें सोंग करावें अशी अपेक्षा करतो! वस्तुतः न दिसणाऱ्याची जागा चुकली तर वार वायां जातो, हें कलम २०१४ च्या ग्रंथांतच आहे. तें वापरण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. त्यास नवा कोष्टक नको कीं जादा फांसा नको. धुकें पसरतांच सूत्रधारानें सोंगट्या उचलाव्या आणि एकच प्रश्न विचारावा : "वार कोठें करतां?" तेथें शत्रु असेल, कोणीच नसेल, किंवा आपलाच सोबती असेल. मग खेळाडू हांक मारतील, कानोसा घेतील, भिंत चांचपतील, आणि कधीं तरवार म्यानांतच ठेवतील. तरवार म्यान करण्याची ही बुद्धि कोणताहि फांसा शिकवूं शकत नाहीं.

अज्ञान दोन्ही बाजूंना सारखें वांटलें कीं तें निरुपद्रवी होतें, ही समजूत खेळाच्या मेजावरच राहती तर तिच्याविरुद्ध लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या वयांत माणूस सर्वांत मन लावून खेळतो, त्याच वयांत ती त्याच्या गळीं उतरते. दोन पक्ष सारखेच आंधळे झाले म्हणून लढाई न्याय्य होत नाहीं. तिच्यांत दोन्हीकडचीं माणसें विनाकारण मरतात, इतकेंच.