मे महिन्यातली शेरवानी

शाळांना सुट्टी लागली की आपल्याकडे लग्नांचा हंगाम सुरू होतो. कोकणातल्या घरी आखाती देशांतून माणसे येतात, मराठवाडा-खानदेशात पाहुण्यांनी घरे भरतात. सगळ्यांची सोय बघून तारीख मे महिन्यातली धरली जाते. त्यात गैर काहीच नाही. पण पारा ४२ अंशांवर असताना दुपारच्या निकाहला नवरदेव जाड अस्तराच्या जरीच्या शेरवानीत बसतो. डोक्यावर साफा, गळ्यात हार. खुतबा संपेपर्यंत त्याचा चेहरा लालबुंद होतो. शेरवानी उतरवू का, असे तो विचारू शकत नाही, कारण फोटो अजून बाकी असतात.

त्याहून वाईट हाल लहान मुलांचे. दीड-दोन वर्षांच्या मुलीला जरीचा घागरा, आत कॅनकॅन, वर टिकल्यांची ओढणी. पोर रडू लागले की खाला-फुफी म्हणतात, "नजर लागली." कपडे उतरवून पाहा. मानेवर, पाठीवर घामोळे उठलेले असते.

वर्गात आम्ही मुलांना बाष्पीभवन शिकवतो तेव्हा माठाचे उदाहरण देतो. माठातून पाणी झिरपते, वाळते, म्हणून आतले पाणी गार राहते. माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. घाम वाळला तरच अंग गार होते. पॉलिस्टरचे अस्तर म्हणजे माठावर घातलेली प्लास्टिकची पिशवी. सुती कापड हवेतलाच ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. बाजारातल्या बऱ्याच तयार आणि भाड्याच्या शेरवान्यांचे अस्तर पॉलिस्टरचेच असते. तेव्हा कपडा घेताना नक्षीच्या आधी अस्तर उलटून पाहावे.

आपल्या जुन्या विणकरांना हे कळत होते. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून मशरू कापड विणले गेले. वरची बाजू रेशमी, अंगाला लागणारी बाजू सुती. 'मशरू' म्हणजेच शरीअतने मुभा दिलेले. आपल्या औरंगाबादचा हिमरूही सूत आणि रेशीम मिळूनच विणला जातो. अंगाला काय लागते याचा विचार त्या थाटात होता. सूरह नहलच्या ८१ व्या आयतीत अल्लाहच्या देणग्या सांगताना उष्म्यापासून वाचवणाऱ्या पोशाखांचाही उल्लेख येतो. जो कपडा उष्म्यापासून वाचवण्याऐवजी उष्म्यातच कोंडतो, त्याला थाट म्हणावे का?

यावर उपाय अवघड नाहीत. निकाह असरनंतर किंवा इशानंतर ठेवता येतो. नवरदेवाला सुती किंवा खादीची, बिनअस्तराची शेरवानी शिवता येते, किंवा कुर्ता-पायजम्यावर हलकी सदरी चालते. लहान मुलांना मलमलचे कपडे घालावेत. जरीचा जोड फोटोपुरता, दहा मिनिटांचा. बुरख्याच्या आत भरजरी शरारा घालणाऱ्या भगिनींनीही हाच विचार करावा. बायकांच्या बाजूला कूलर आणि प्यायचे पाणी पुरेसे आहे की नाही, हे यजमानांनी आधी स्वतः जाऊन पाहावे.

कोणाचे डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळ झाली तर त्याला सावलीत न्यावे, वरचे कपडे काढावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. अशा वेळी फोटोग्राफरला थांबायला सांगण्यात कसला संकोच?

खरी अडचण कापडाची नाही, 'लोक काय म्हणतील' याची आहे. एका घराने भरजरी थाट केला की पुढच्या घराला कर्ज काढून तो करावा लागतो, आणि साध्या कपड्यात आलेला नातेवाईक कोपऱ्यात बसतो. म्हणून सुरुवात घरातल्या मोठ्यांनी करावी. दावतनाम्यावर एक ओळ छापावी: 'उन्हाळा आहे, हलके सुती कपडे घालून यावे.' आणि मुलाच्या अब्बांनी, मामूंनी स्वतः तसेच यावे. मग पाहुण्यांना ते पाळणे जड जाणार नाही, आणि नवरदेवालाही कबूल म्हणताना घाम पुसत बसावे लागणार नाही.