बांधावरचा गवती चहा



खत घातले नाही म्हणून कपाशीच्या बांधावरचा गवती चहा सेंद्रिय होत नाही. वाऱ्याने फवारा त्यावर येतोच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. तसलेच औषध (विषाला आपण औषध म्हणतो!) पातीवर बसते, घरच्या चहात उतरते. मी शेतकी पदवीधर, तरी माझ्याही बांधावर हेच चालले होते. आता गवती चहा, तुळस, अडुळसा परसात रांजणाशेजारी लावलाय. सांडलेले पाणी पुरते.

विकायचा तर एकट्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही. पीजीएस पद्धतीत गावातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. मात्र गिऱ्हाईक आधी शोधा.

पुढच्या बैठकीला ठोंब आणतो. हवा त्याने न्यावा.