बारावीनंतर पोराला कुठं घालायचं?



बारावीचा निकाल आणि उसाच्या बिलाचा हप्ता पाठोपाठ आला, की घरी मध्यस्थ हजर! "सीट पक्की करतो, एवढे रोख द्या." आम्ही स्पष्ट सांगतो, देऊ नका. डोनेशन घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे. शिवाय पावती मिळत नाही, ते वेगळंच.

बेणं लावण्याआधी आपण माती बघतो. मग शेजाऱ्याचा इंजिनिअरिंगला गेला म्हणून आपलाही, हे कुठलं गणित? गणित झेपतं का, हे आधी पोरालाच विचारा. पोरीलाही विचारा, तिला 'जवळ असेल ते कॉलेज' हा न्याय आम्हाला मुळीच पटत नाही.

कॉलेजची इमारत नि बस बघून भुलू नका. पदवीवर नाव विद्यापीठाचं असतं. कॉलेज कुणाशी संलग्न, मान्यता आहे का, हे कागदावर बघा. बोगस विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करतो. कृषी पदवीसाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही राज्याची चार विद्यापीठे. अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश सीईटीवर. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर १९७५ साली ऊस उत्पादकांनीच उभी केली. पण तिथले बरेच अभ्यासक्रम बी.एस्सी.नंतरचे आहेत, चौकशी करूनच जावे.

संचालक मंडळाला आमची सूचना : निकालाच्या आठवड्यात प्रत्येक गट ऑफिसात एक माहितगार प्राध्यापक दिवसभर बसवावा. खर्च म्हणाल तर गाडीभाडं आणि जेवण.