निवारा केंद्रातला कुत्रा घरी आणताय? ‘निरोगी’ आणि ‘शांत’ या दोन शब्दांचा खरा अर्थ

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि वर्षभर घराघरांत चर्चेचा विषय झाला. 11 ऑगस्टला न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक औषध दिल्यानंतर कुत्र्यांना त्यांच्या मूळ जागी सोडावे असे ठरले. मात्र रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक वागणारी कुत्री सोडायची नाहीत. ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली, पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारीही त्यांच्यावरच आली. पुढे 7 नोव्हेंबरला देशभरातील शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवारा केंद्रात ठेवण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश झाला.

या आदेशांचा तुमच्या घराशी संबंध असा, की निवारा केंद्रांत येणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढणार आणि त्यांना घर शोधण्याचे प्रयत्नही वाढणार. तुमच्या मुलाने हट्ट धरला असेल, आई-वडिलांना सोबत हवी असेल किंवा रस्त्यावरच्या एखाद्या जिवाला आधार द्यावा असे तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर तुम्ही केंद्रात जाल. तिथे तुम्हाला सांगितले जाईल, “हा निरोगी आहे, एकदम शांत आहे.” या दोन शब्दांवर तुमच्या घरातल्या लहान मुलाची आणि त्या कुत्र्याची, दोघांचीही सुरक्षितता अवलंबून असते. ते शब्द कशावरून म्हटले, हे विचारायला शिका.

आधी आरोग्य, मग स्वभाव

कुत्र्याची वागणूक तपासण्याआधी त्याचे शरीर तपासले पाहिजे. कारण दुखणारा कुत्रा चिडका वाटतो आणि आजारी कुत्रा शांत वाटतो.

कानात जंतुसंसर्ग असेल तर डोक्याला हात लावताच तो गुरगुरेल. दात किडले असतील, कंबर किंवा मांडीचा सांधा दुखत असेल, जखमेत अळ्या पडल्या असतील, तर उचलून घेताना तो चावूही शकतो. अशा कुत्र्यावर ‘आक्रमक’ असा शिक्का मारण्याआधी त्याच्या वेदनेवर उपचार करून पुन्हा पाहावे लागते.

याच्या उलट चूक अधिक वेळा होते. गोचीड तापाने रक्त कमी झालेला, पोटात जंत झालेला, उपासमारीने खंगलेला कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो. कोणीही हात लावला तरी हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, किती गरीब आहे! तीन-चार आठवडे पोटभर खाऊन, औषध घेऊन तो बरा झाला की त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. तो खेळकर निघू शकतो, तसा धसमुसळाही निघू शकतो. घरात चालताना तोल जाणारे आजोबा असतील, तर हा फरक मोठा आहे.

अति घाबरलेला कुत्राही शांतच दिसतो. शेपूट पोटाखाली, अंग आखडलेले, नजर चुकवणे, भूक नसतानाही ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे ही भीतीची लक्षणे आहेत. हा कुत्रा तुमचा स्पर्श सहन करतो आहे. त्याला तो आवडतो आहे असे नाही.

रेबीज: ‘आज ठीक दिसतो’ हे पुरेसे नाही

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याची 37 लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली आणि रेबीजचे 54 संशयित मृत्यू झाले. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. म्हणून येथे गृहीत धरायला जागा नाही.

दोन कालावधी नीट समजून घ्या, कारण लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला कालावधी 10 दिवसांचा. कुत्रा कोणाला चावला तर त्याच्यावर 10 दिवस नजर ठेवतात. रेबीजचा विषाणू लाळेत आला असेल तर कुत्रा या काळात आजारी पडतो आणि मरतो. 10 दिवसांनंतर तो धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, एवढेच सिद्ध होते.

दुसरा कालावधी विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा. कुत्र्यांमध्ये तो साधारण काही आठवडे ते तीन महिने असतो, क्वचित त्याहून जास्त. म्हणजे महिन्यापूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला कुत्रा आज पूर्ण निरोगी दिसू शकतो. विषाणू आधीच शिरला असेल, तर केंद्रात आल्यावर दिलेली लस त्याला वाचवेलच असे नाही. म्हणून “लस दिली आहे” एवढ्यावर थांबू नका. कोणत्या तारखेला दिली, केंद्रात येऊन किती दिवस झाले आणि आला तेव्हा अंगावर चाव्याच्या जखमा होत्या का, हे विचारा. पहिली लस दिल्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात.

आणखी एक गोष्ट. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा अंगावर धावून येत नाही. काही कुत्री गप्प होतात, अंधारात लपतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज बदलतो, गिळता येत नाही. घशात काहीतरी अडकले असेल असे समजून तोंडात हात घालणारा माणूस येथे धोक्यात येतो. असा ‘शांत’ कुत्रा दिसला तर हात लावू नका, केंद्राला किंवा पशुवैद्यकाला कळवा.

‘आक्रमक’ कोणाला म्हणायचे?

न्यायालयाने आक्रमक कुत्र्यांना वेगळे काढले, पण आक्रमकपणाची व्याख्या आदेशात नाही. ती ठरवायची कशी, हा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपुढचा अवघड प्रश्न आहे.

अमेरिकेतील निवारा केंद्रांनी अनेक वर्षे एक ठराविक चाचणी वापरली. कुत्रा खात असताना खोट्या हाताने त्याचे ताट ओढायचे, अनोळखी माणसाने जवळ जायचे, दुसरा कुत्रा समोर आणायचा आणि गुण द्यायचे. 2016 मध्ये गॅरी पॅट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली यांनी या चाचण्यांचा अभ्यास मांडला. केंद्रातल्या अशा एका चाचणीवरून घरातली वागणूक सांगणे नाणेफेकीपेक्षा फारसे बरे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण साधे आहे. पिंजरा, सततचे भुंकणे, फिनाईलचा वास, अर्धवट झोप, अनोळखी माणसे या सगळ्यात कुत्रा त्याच्या नेहमीच्या स्वभावात नसतो.

त्यामुळे आता अधिक भरवसा ठेवला जातो तो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी केलेल्या नोंदींवर. रोज खायला घालणारा कर्मचारी काय सांगतो? पट्टा लावून बाहेर नेल्यावर कुत्रा कसा वागतो? पिंजऱ्याच्या जाळीवर धावून भुंकणारी कित्येक कुत्री मोकळ्या मैदानात माणसाजवळ येऊन बसतात. काही दिवस एखाद्या कुटुंबात तात्पुरते ठेवून पाहिले असेल, तर ती माहिती सर्वांत मोलाची.

चावण्याचा इतिहास असेल तर “चावला होता” एवढे उत्तर अपुरे आहे. कुत्र्यांचे वर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत दात त्वचेत रुततच नाहीत, पाचवीत अनेक चावे घेतलेले असतात आणि सहावीत मृत्यू. दात लावून मागे सरकणारा कुत्रा स्वतःला आवरतो. खोल चावून धरून ठेवणारा कुत्रा आवरत नाही. लहान मुले असलेल्या घरात हा दुसरा कुत्रा आणू नये.

ही मोजणी कुत्र्याच्या स्वभावासाठी आहे, तुमच्या उपचारासाठी नाही. रेबीजच्या दृष्टीने रक्त न येता उठलेला ओरखडाही लस घेण्यासाठी पुरेसा आहे. “फक्त दात लागला” म्हणून घरी बसू नका.

केंद्रात विचारायचे प्रश्न

- कुत्रा कधी आला, कुठून आला आणि का उचलला?
- रेबीजची आणि इतर लसी कोणत्या तारखांना दिल्या? लेखी नोंद आहे का?
- नव्या कुत्र्यांना किमान दोन आठवडे वेगळे ठेवले जाते का? डिस्टेम्पर, पार्व्हो यांसारखे आजार याच काळात बाहेर येतात. ते माणसाला होत नाहीत, पण पिल्लाचा जीव घेतात.
- जंत, गोचिडी, खरूज, नायटा यांवर उपचार झाले का? यातले काही माणसांनाही लागते.
- लेप्टोची लस दिली का? मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा आजार दरवर्षी डोके वर काढतो आणि कुत्र्याच्या लघवीतूनही तो पसरू शकतो.
- तो कोणाला चावला आहे का? कधी, कोणत्या प्रसंगी, जखम किती खोल?
- लहान मुले, म्हातारी माणसे, दुसरी कुत्री यांच्यासोबत त्याला कोणी पाहिले आहे का?
- जमले नाही तर तुम्ही त्याला परत घ्याल का?

शेवटच्या प्रश्नाला “हो” म्हणणारे केंद्र निवडा. नाहीतर न जमलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येतो, आणि नेमके तेच व्हायला नको आहे.

घरात रुग्ण असेल तर

केमोथेरपी चालू आहे, अवयव प्रत्यारोपण झाले आहे, दीर्घकाळ स्टिरॉइड्स चालू आहेत किंवा प्लीहा काढली आहे, अशा व्यक्तीने आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. त्यांच्यासाठी सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लू किंवा जुलाब होत असलेला कुत्रा योग्य नाही. लसीकरण झालेला, तपासलेला प्रौढ कुत्रा तुलनेने बरा. प्लीहा नसलेल्यांना कुत्र्याच्या लाळेतील काही जिवाणूंमुळे गंभीर संसर्ग होऊ शकतो. मधुमेहींनी पायावरची जखम कुत्र्याला चाटू देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना कुत्र्याने उडी मारून पाडणे हाच मोठा धोका असतो.

गरोदर स्त्रियांना टोक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते, पण तो आजार मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नव्हे.

पहिले काही आठवडे

नव्या घरात रुळायला कुत्र्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्याला एक शांत कोपरा द्या. पाहुण्यांची रीघ लावू नका. खाताना आणि झोपेत त्याला कोणी छेडू नये. लहान मुलाला त्याच्यासोबत एकटे सोडू नका, अगदी पाच मिनिटेही. गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणे ही सूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

घरातल्या सर्वांनी, विशेषतः मुलांनी, आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. तिचे तीन डोस असतात: 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. ती घेतली असली तरी चावल्यानंतर पुन्हा डोस घ्यावे लागतात.

दात किंवा नख लागले तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची असली तरी लस सुरू करायला थांबायचे नसते. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना साध्या ओरखड्यालाही ते लागू शकते. म्हणून आपला आजार आणि चालू औषधे दवाखान्यात गेल्यागेल्या सांगा.

निर्णयाची घाई करू नका. एकाच कुत्र्याला दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी भेटा, एकदा बाहेर फिरवून पाहा, घरातल्या सर्वांना सोबत न्या. त्याच्या तब्येतीचे कागद तुमच्या ओळखीच्या पशुवैद्यकाला दाखवा. चार भेटींनंतर “हा आमच्याकडे नको” असे वाटले, तर तसे स्पष्ट सांगा. त्या कुत्र्याला दुसरे, त्याला मानवेल असे घर मिळण्याची वाट त्यातूनच मोकळी होते.