नोंदी फुकट, निगा विकत

आपल्या समाजातल्या इंजिनिअर झालेल्या मुलामुलींना "स्वतःचं काहीतरी सुरू करा" म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. भांडवल कुठून आणायचं? आणि उंब्रजसारख्या गावात बसून सॉफ्टवेअरचा धंदा होतो का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं शोधण्यासाठी आपण मुद्दाम एक असा धंदा घेऊ या, ज्याचं नाव आपल्या मोहल्ल्यात क्वचितच निघतं. पेटंट शोधून देण्याचं आणि सांभाळण्याचं सॉफ्टवेअर.

पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा असतो. संशोधकानं आपली युक्ती जगासमोर पूर्ण उघड करायची आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तिच्यावर मक्तेदारी मिळवायची. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे जगातली लाखो यंत्रं, औषधं, प्रक्रिया आकृत्यांसह लिहून ठेवलेल्या आहेत आणि त्या वाचायला पैसे पडत नाहीत. भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसेवा, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप, युरोपचं एस्पेसनेट, गूगल पेटंट्स, सगळं मोफत आहे. या धंद्याचा कच्चा माल उंब्रजच्या एसटी स्टँडवर मोबाईलवरही मिळतो.

मग कोणी पैसे कशाचे देतं? माल फुकट असला तरी तो निवडणं, जुळवणं आणि वेळेवर हजर करणं फुकट नसतं. ऊसतोडणीच्या यंत्राचंच उदाहरण घ्या. अर्जदार त्याला 'ऊसतोडणी यंत्र' म्हणेलच असं नाही. तो 'उभे पीक कापण्याची जुळणी' असं काहीतरी लिहील. शब्दावर शोधलं तर ते निसटतं. पण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उसाच्या तोडणीला स्वतःचा खाना आहे, ए०१डी ४५/१०. तो माहीत असणाऱ्याला ते सापडतं. कंपन्यांची नावंही बदलतात. टाटा मोटर्स २००३ पर्यंत टेल्को होती. नवं नाव टाकून शोधणाऱ्याच्या हातून जुने अर्ज सुटू शकतात. अशा शेकडो खाचाखोचा आधीच भरून ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे विकण्याजोगी वस्तू.

हे काम महाराष्ट्रात झालेलंही आहे. पुण्याच्या ग्रिडलॉजिक्स कंपनीनं 'पेटंट इनसाइट प्रो' आणि 'पॅटसीअर' ही याच कामाची सॉफ्टवेअर्स घडवली. म्हणजे हा धंदा अमेरिकेतच व्हावा, असं काही नाही.

दुसरा भाग सांभाळण्याचा. भारतात अर्ज केल्यावर तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने मिळतात, त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने होते. तपासणी अहवाल आला की उत्तराला ६ महिने, मुदतवाढ मागितली तर आणखी ३. परदेशात अर्ज करायचा तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत हालचाल हवी. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासूनचं वार्षिक शुल्क. शिवाय पेटंटचा प्रत्यक्ष वापर होतो का, याचं निवेदन आता दर तीन आर्थिक वर्षांनी. तपासणीची विनंती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. उत्तर राहिलं तर सोडून दिला असं धरलं जातं. शुल्क थकलं तर पेटंट संपतं. कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाची पाच वर्षांची मेहनत एका विसरलेल्या तारखेपायी जाऊ शकते. जो ती तारीख विसरू देत नाही, त्याला लोक पैसे देतात.

आता भांडवलाचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला घेतले. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर व्हायरसनं बिघडून येत होते. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. त्यातून 'क्विक हील' झालं. बाहेरच्या गुंतवणूकदाराचे पैसे, सुमारे ६० कोटी रुपये, आले ते २०१० मध्ये. त्याआधीची सुमारे पंधरा वर्षं धंदा स्वतःच्या कमाईवर चालला होता. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

या गोष्टीतलं यश बाजूला ठेवा, क्रम बघा. आधी सेवा, मग सेवेतून कळलेली अडचण, मग त्या अडचणीवरचं सॉफ्टवेअर. दुकानानं सॉफ्टवेअरला पोसलं. झोहोनंही १९९६ पासून बाहेरचं भांडवल न घेता स्वतःच्या कमाईवर वाढ केली आणि तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या लहान गावाजवळ कार्यालय काढलं. आणखी मागे जायचं तर विप्रो आहे. अझीम प्रेमजींच्या वडिलांनी १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली होती. तूप आणि साबण विकता विकता तीच कंपनी पुढे कॉम्प्युटरच्या धंद्यात आली.

ही रीत आपल्याला परकी नाही. मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच नोंदवलं. गॅरेज, फॅब्रिकेशन, फळांची गाडी, गाद्यांचं दुकान, शिवणकाम. यातले बहुतेक जण बँकेच्या दारात न जाता धंदा उभा करतात. आजच्या गल्ल्यातून उद्याचा माल घेतात. व्याजाचं कर्ज नको म्हणणारी घरंही आपल्यात पुष्कळ आहेत. ज्याला शहरातले लोक मोठ्या कौतुकानं 'बूटस्ट्रॅपिंग' म्हणतात, ते आपल्या अब्बा-चाचांनी आयुष्यभर केलं. मात्र सच्चर अहवालाचा दुसरा अर्थही विसरू नये. यातला बराचसा स्वयंरोजगार हौसेचा नव्हता, नोकरी आणि पतपुरवठा दोन्ही आखडते होते म्हणून पत्करलेला होता. म्हणून मी गरिबीचं कौतुक करत नाही. त्या सवयीतली शिस्त तेवढी घ्या आणि ती जास्त मोल मिळणाऱ्या कामाला लावा, एवढंच म्हणणं आहे.

पेटंटच्या धंद्यात हे असं बसतं. पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर लिहू नका. शोध करून द्या. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ आहे, तासवडेची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे, पलीकडे किर्लोस्करवाडी, सांगली, इचलकरंजी. यंत्रात काही नवं करणारा माणूस तिथं रोज भेटेल. त्याला सांगा, अर्ज करण्याआधी ही युक्ती कुणी आधीच लिहून ठेवली आहे का, ते शोधून देतो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. खरा खर्च मसुदा लिहिण्याचा आणि वाया गेलेल्या वर्षांचा असतो. तो वाचवणारा अहवाल त्याला परवडतो.

वीस-पंचवीस अहवाल झाले की कळतं, कोणतं काम दरवेळी तेच ते करावं लागतं. तेवढ्याच कामाचा प्रोग्राम लिहा. तो आधी स्वतः वापरा, मग वर्षाच्या वर्गणीनं विका आणि वर्गणी आगाऊ घ्या. ग्राहकाचा आगाऊ पैसा हे तुमचं भांडवल. ते व्याजही मागत नाही आणि कंपनीत हिस्साही मागत नाही. ते एकच मागतं, काम वेळेवर झालं पाहिजे. उधारी मात्र सांभाळा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मोठ्या ग्राहकानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उद्यम नोंदणी पहिल्याच महिन्यात करून घ्या, म्हणजे तो हक्क सांगता येईल.

इथं एक गंमतही आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. पेटंटचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला स्वतःच्या प्रोग्रामभोवती तसं कुंपण घालता येत नाही. कॉपीराइट असतो, पण खरं संरक्षण विश्वासाचं. अर्जाआधी युक्ती बाहेर फुटली तर तिचं नवेपणच संपू शकतं. म्हणजे ग्राहक जेव्हा शोधासाठी तुमच्याकडे येतो, तेव्हा तो आपलं गुपित तुमच्या हाती ठेवतो. या धंद्याचा पाया सांगणारा शब्द आपल्या घरात रोजचा आहे, अमानत.

पेटंटचा शोध दुसऱ्याला अडवण्यापुरता नसतो. काय बनवायला आपण मोकळे आहोत, हेही तो सांगतो. पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत घेतलेलं पण भारतात न घेतलेलं, किंवा मुदत संपलेलं पेटंट आपल्या फॅब्रिकेटरला उघडं पुस्तक आहे. १९७० च्या कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट न देता फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर दिलं. त्या कायद्यामागे सिप्लाच्या युसुफ हमीद यांचा आग्रह होता. २००१ मध्ये त्यांनी एड्सची तिहेरी औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली. कुठं कुणाचा हक्क आहे आणि कुठं नाही, हे नेमकं माहीत असल्यानं किती जीव वाचू शकतात, याचं याहून मोठं उदाहरण नाही.

आणि भाषा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याआधी १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा कामी आले ते संस्कृत, उर्दू आणि हिंदीतले जुने संदर्भ. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. त्यात आयुर्वेदाबरोबर युनानीचेही अरबी, फारसी, उर्दू ग्रंथ उतरवले गेले. ज्या मुलाला मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही वाचता येतात, त्याला आपण 'माध्यमाचा गोंधळ झालेला' म्हणतो. या धंद्यात ती पात्रता आहे.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. पेटंट कार्यालयासमोर दुसऱ्याच्या वतीनं काम करायला नोंदणीकृत पेटंट एजंट लागतो. सुरुवातीला एखाद्या एजंटबरोबर भागीदारी करा, आणि विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर परीक्षा स्वतः द्या. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, एवढंच. यंत्रबुद्धी आता पेटंटचा सारांश क्षणात काढते, तेव्हा नुसत्या सारांशावर पोट भरणार नाही. पण ती चुकते, आणि चुकलेल्या तारखेची जबाबदारी ती घेत नाही. ती जबाबदारी घेणाऱ्याची गरज राहील. गावात वीज आणि इंटरनेट दगा देतात, म्हणून दुसरी जोडणी खर्चात धरा. बाकी अर्ज ऑनलाइन होतात, सुनावणी व्हिडिओवर होते. त्यासाठी मुंबईत खोली भाड्यानं घ्यायला नको, आणि नाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो का, हेही बघायला नको.

मुलींसाठी हे काम सोयीचं आहे, असं लगेच म्हटलं जाईल. खरं आहे. पण 'घरबसल्या होतं' याचा अर्थ 'घरातच बस' असा लागता कामा नये. कागदावर कंपनी तिच्या नावावर असावी, बँकेत खातं तिचं असावं, आणि तासवडेच्या कारखान्यात ग्राहकाला भेटायला तिनंच जावं. नाहीतर ती भावाच्या धंद्यात बिनपगारी कारकून होईल.

शेवटचा मुद्दा वडीलधाऱ्यांसाठी. असा धंदा पोटापुरता कमवायला दोन वर्षं घेतो. ती दोन वर्षं घरच्यांना पेलावी लागतात. आपण लग्नाच्या एका जेवणावळीसाठी वर्षानुवर्षं साठवतो, गरज पडली तर उसनेही काढतो. त्यातला निम्मा खर्च वाचवला, तरी एका मुलाची किंवा मुलीची ही दोन वर्षं निघतात. त्या बदल्यात तिच्याकडून दर महिन्याला हिशेब मागा. किती अहवाल दिले, किती पैसे आले, किती अडकलेत. हिशेब मागणं हा अविश्वास नाही, धंदा म्हणून तिला मान देणं आहे. दोन वर्षांनी जमलं नाही, तरी हातात पेटंट वाचण्याची विद्या उरते आणि तिला नोकरीतही किंमत आहे.

आणि तरुणांनी या महिन्यात एकच करावं. गावातलं एक यंत्र निवडा, मळणीचं, गुऱ्हाळाचं, पॉवरलूमचं, कोणतंही. त्याच्याशी मिळतीजुळती पेटंट्स शोधा आणि दहा पानांचा अहवाल लिहा. तो त्या यंत्राच्या मालकाला नेऊन दाखवा. त्यानं दुसरा प्रश्न विचारला, तर समजा पहिला ग्राहक मिळाला.