मुंबई बघायची म्हंजी

देवणीचा गोऱ्हा घेताना आपण दात बघतो, खूर बघतो. मुंबई मात्र गाइड दाखवील तेवढीच बघतो. गेटवे, ताज, राणीची बाग. झाली मुंबई!

इंग्रजांचा राजा १९११ साली उतरला म्हणून कमान बांधली. ती १९२४ ला खुली झाली. त्याच साली परळच्या दामोदर हॉलमधल्या बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. राजा गेला. सभेनं पेटवलेली माणसं अजून चालताहेत. मग बघण्यासारखं काय?

सहा डिसेंबरला आमची म्हातारी चैत्यभूमीवर येते, पिशवीभर पुस्तकं नेते. ती म्हणे घाण करते, फुकट येते! अन् चौपाटीवर भेळेचे कागद टाकणारा तेवढा पर्यटक?

२०२२ साली सरकारनं बाबासाहेबांच्या जागांची सहल काढली. बरं झालं. पण आपला इतिहास बघायला सरकारी बसची वाट कशाला?

गेटवेपुढं फोटो काढा, खुशाल काढा. पण परळच्या बीआयटी चाळीचा जिना चढल्याबिगर, राजगृहाच्या दारात उभं राहिल्याबिगर माघारी येऊ नका. आलातच, तर मुंबई बघितली असं गावात सांगू नका.